वेळ संपत आल्याचा सूर
नव्वदच्या दशकात चंद्रपुरात ज्यांच्या घरी टीव्हीला जोडायचा गेम होता, त्यांना ‘सुपर मारिओ’ची धून आजही तोंडपाठ आहे. कोजी कोंडो यांनी ती 1985 साली रचली, तेव्हा निन्टेन्डोच्या यंत्रात सुरावटीला जेमतेम तीन आवाज होते आणि ठेक्यासाठी एक खरखर. एवढ्यात भागवायचं तर चाल पक्कीच हवी. वाद्यमेळाच्या भपक्याखाली काही झाकता येत नाही. खरी करामत मात्र पुढे आहे. वेळेचा आकडा शंभराच्या खाली गेला की इशारा वाजतो, तीच धून पळत सुटते आणि बोटंही आपसूक पळू लागतात. 1978 च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये तर चारच उतरते सूर, शत्रू कमी होतील तसे ते जलद होत जातात. संगीताचं लक्ष खेळणाऱ्यावर असतं. पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीच्या रंगभूमीला हे नवं नाही. दिवाळीनंतर वडसा-देसाईगंजच्या मंडळांचं रात्रभराचं नाटक बघायला गेलात, तर थोडा वेळ नट सोडून ऑर्गनवाल्याकडे बघा. त्याची नजर नटावरून हलत नाही. खलनायकाने पाऊल टाकलं की तबल्यावर थाप, नट थांबला की सूर धरून ठेवायचा, टाळ्या पडल्या की तोच तुकडा पुन्हा. गडचिरोली-ब्रह्मपुरीची जी पोरं आज गेम बनवू पाहताहेत, त्यांनी तयार ट्रॅक उचलण्याआधी एक रात्र या वादकांशेजारी बसून काढावीच.