गळेकापू स्पर्धेचे पूजक

‘गळेकापू’ हे विशेषण आपल्या भाषेत वस्तुतः दरोडेखोरास शोभणारे. परंतु आता ते प्रगतीच्या शेजारी मानाने बसविले जाते आणि त्याचे नवल कोणास वाटत नाही. साताऱ्यास अथवा सांगलीस एखाद्या सुशिक्षित गृहस्थाशी मुलांच्या शिक्षणाविषयी बोलावे, तो लागलीच अमेरिकेचा दाखला निघतो. दुसऱ्यास मागे टाकील तोच तेथे जगतो, म्हणूनच ते राष्ट्र पुढे गेले, असा हा सिद्धान्त होय.

हे सिद्धान्ती अमेरिकेचा इतिहास मात्र वाचीत नाहीत. रेल्वेच्या गुप्त सवलतींच्या बळावर रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीने १८७२ साली क्लीव्हलंडमधील बहुतेक प्रतिस्पर्धी कारखाने गिळले. स्पर्धेचा शेवट असा स्पर्धाच नाहीशी होण्यात झाला! अखेर १८९० साली शर्मन कायदा करावा लागला आणि १९११ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्या कंपनीचे ३४ तुकडे झाले. ज्या जनावरास मालकाने स्वतः वेसण घातली, त्यास आपण मोकळे सोडून ओवाळीत आहो.

आणि दाखला हवाच असेल, तर इतके दूर जाण्याचे प्रयोजन काय? १९१९ साली कऱ्हाडजवळील काले येथे भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. पुढे १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एका पंक्तीस जेवीत, स्वयंपाक व शेतकाम आपल्या हातांनी करीत. पैसा सरला तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. शेजारच्या मुलाची भाकरी करपली तर आपणही अर्धपोटी, अशी ती व्यवस्था! तीत बुद्धीचे तेज कमी पडले, असे म्हणण्याचे धाडस कोणी करील काय?

स्पर्धेवाचून मनुष्य आळसावतो, असा आक्षेप येईलच. १९१० साली औंधच्या अधिपतींच्या आश्रयाने किर्लोस्करवाडी वसली. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरास विलायती नांगराशी टक्कर द्यावी लागली, हे आम्ही विसरलो नाही. परंतु ती चढाओढ नांगर सुधारण्याची होती. नांगर सुधारला म्हणजे शेतकऱ्याचे काही वाढले. शिष्यवृत्ती परीक्षेपायी मुलाने आपली वही सोबत्यापासून लपविली, तर कोणाचे काय वाढले?

खासगी शिकवण्यांच्या फलकांवर पहिल्या आलेल्यांची छायाचित्रे झळकतात. (त्या फलकाचा खर्च मागे पडलेल्यांच्या फीमधूनही निघतो, हे तेथे लिहिलेले नसते.) तथापि सगळा दोष शिकवणीवाल्यांच्या माथी मारणे न्यायाचे नव्हे. निकालाच्या दिवशी “तुला किती गुण?” असे विचारून न थांबता “आणि त्याला किती?” असे विचारणारे आईबापच असतात. हा दुसरा प्रश्न सातारा-सांगलीच्या घरांतून येत्या निकालापासून तरी बंद व्हावा, एवढीच आमची मागणी आहे.