धबधब्यावर निबंध हवाय? मग लोणावळ्याचाच लिहू या!



जून उजाडला की मुलांच्या वह्यांत ‘पावसाळी सहल’ आणि ‘मी पाहिलेला धबधबा’ हे दोन निबंध हमखास येतात. शाळा अंधेरीची असो की मुलुंडची, मजकूर ठरलेला. दुधासारखी धार, अंगावर तुषार, गरमागरम भजी, आणि शेवटी ‘दिवस कसा गेला ते कळलंच नाही’. सामान्यज्ञानाचा तास असेल तर मग नायगारा. तो कोणत्या दोन देशांच्या सीमेवर आहे, हे आपली चौथीतली पोरंही सांगतात. पण कुणे धबधबा कुठे आहे, असं विचारून बघा. बहुतेक वर्ग गप्प बसेल.

कुणे आहे खंडाळ्याजवळ, लोणावळ्यापासून अगदी थोड्या अंतरावर. तो तीन टप्प्यांत सुमारे 200 मीटर खाली येतो. नायगाऱ्याचा मुख्य प्रपात साधारण 57 मीटरचा, म्हणजे उंचीत आपला कुणे त्याच्या साडेतीन पट! पाण्याच्या मानाने मात्र नायगारा कितीतरी मोठा आणि बारमाही, कुणेचा जोर पावसाळ्यातच. उंची आणि पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना इथेच सहज समजतं.

आता खरी गंमत बघा. लोणावळा घाटमाथ्यावर आहे. तिथे कुरवंडे गावाजवळ उगवणारी इंद्रायणी पूर्वेकडे देहू-आळंदीला जाते, तुळापूरला भीमेला मिळते, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. कुणेचं पाणी मात्र उलट्या दिशेला, राजमाचीच्या खोऱ्यात पडतं. ते उल्हास नदीचं पाणी. कर्जत, बदलापूर, कल्याण करत ते वसईच्या खाडीतून अरबी समुद्रात जातं. बोरिवलीहून विरार लोकलने जाताना भाईंदरनंतर जी रुंद खाडी लागते ना, तीच ही. म्हणजे एकाच गावावर पडलेल्या पावसाचे दोन थेंब दोन समुद्रांना! हे वाक्य ज्या मुलाच्या निबंधात येईल, त्याला मी भज्यांवाल्या निबंधापेक्षा दोन गुण जास्तच देईन.

आणि तिसराही एक रस्ता आहे, माणसाने केलेला. टाटांनी लोणावळ्याच्या वर तलाव बांधले, वळवणचा त्यातलाच. तिथलं पाणी मोठ्या नळांतून 500 मीटरहून अधिक खाली खोपोलीला उतरवलं. 1915 साली तिथे वीज तयार होऊ लागली आणि मुंबईच्या कापडगिरण्या तिच्यावर चालू लागल्या. वीज करून झाली की ते पाणी पाताळगंगेत सोडतात. एका अर्थी हासुद्धा धबधबाच, फक्त नळात बंद केलेला. नायगाऱ्याचंही तसंच आहे बरं का. 1950 च्या करारानुसार पर्यटनाच्या हंगामात दिवसा तिथे सेकंदाला निदान 28 लाख लिटर पाणी पडू द्यावं लागतं. रात्री आणि हिवाळ्यात त्याच्या निम्मं सोडलं तरी चालतं, बाकीचं विजेला. पाहुणे आले की नळ मोठा करायचा, तशातला प्रकार!

लोणावळ्याला पर्यटक आले ते रेल्वेमुळे. बोरघाटातला लोहमार्ग 1863 मध्ये सुरू झाला. त्या कामात हजारो मजूर मेले, हेही मुलांना सांगायला हवं. वाफेच्या इंजिनांना पाणी लागे, म्हणून भुशी धरण बांधलं गेलं. ज्या पायऱ्यांवर आपण पावसाळ्यात जाऊन बसतो तो धबधबा नव्हेच, ते धरणाचं ओसंडणारं पाणी. चिक्कीबद्दल मी लिहीत नाही, ती माहिती मुलांकडे आपल्यापेक्षा जास्त असते.

इथवर गमतीच्या गोष्टी झाल्या. पण हा लेख लिहायला बसले ते दुसऱ्याच कारणाने. 30 जून 2024, रविवार. भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या प्रवाहात एक कुटुंब उतरलं होतं. पाणी वाढलं. एकमेकांना घट्ट धरून ते मधल्या खडकावर उभे राहिले, आणि बघता बघता वाहून गेले. पाच जण गेले, त्यांतली चार लहान मुलं. तो व्हिडिओ आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल, पुढेही पाठवला असेल. ‘लोकांना अक्कल नाही’ असंही म्हटलं असेल. मला ते पटत नाही. त्या पाण्यात उतरताना जे दिसत होतं, ते तुम्हा-आम्हालाही धोक्याचं वाटलं नसतं.

कारण तिथला डोंगर चढाचा आणि काळ्या बसाल्ट खडकाचा. पाणी मुरायला वाव कमी. वर, आपल्याला दिसतही नाही अशा ठिकाणी जोराची सर आली की सगळं पाणी काही मिनिटांत खाली येतं. आपण उभे असतो तिथे कदाचित पाऊस थांबलेलाही असतो! पाणी अचानक गढूळ होणं, काड्या-पानं वाहून येऊ लागणं, आवाज वाढणं, या खुणा दिसल्या की मोबाईल, चपला, पिशवी तिथेच टाकून काठावर यायचं. खुणा दिसेपर्यंत उशीरही झालेला असू शकतो, म्हणून पावसाळ्यात लहान मुलांना घेऊन वाहत्या पाण्याच्या मध्ये जायचंच नाही.

ही माहिती आपल्या कुठल्या निबंधात असते? ‘पाण्यात मनसोक्त डुंबलो’ हे वाक्य आपणच फळ्यावर लिहून देतो आणि मुलं ते पाठ करतात. माझं स्पष्ट मत आहे की ते वाक्य नमुना निबंधांतून काढून टाकावं. त्याजागी मुलांना विचारू या, हे पाणी येतं कुठून आणि पाऊस वाढला तर इथे काय होईल? पालकहो, हा प्रश्न घरी तुम्हालाही येणार आहे, कदाचित नेमका गाडी रस्त्याच्या कडेला लावून सगळे पाण्याकडे निघालेले असताना. तेव्हा ‘काही होत नाही, चल’ म्हणू नका. पोराला वरचा डोंगर दाखवा, ढग दाखवा, आणि काठावरच बसून भजी खा.

शिक्षकांसाठी एक सोपा उपक्रम देते. महाराष्ट्राचा नकाशा घ्या, लोणावळ्यावर टिकली लावा. एका गटाला इंद्रायणी निळ्या खडूने रंगवायला द्या, दुसऱ्याला उल्हास, तिसऱ्याला खोपोलीचा नळ आणि पाताळगंगा. कोणाचा खडू कुठल्या समुद्राला पोचतो ते बघा, आणि मग निबंध लिहायला सांगा.