हाउजीला हसण्याआधी

‘ऑफिस सुटल्यावर, पैसे मोजून मराठी शिकायला आलेल्या माणसाला हाउजी कसली खेळायला लावता? व्याकरण शिकवा!’ प्रौढांचे भाषावर्ग घेणाऱ्याला हे हमखास ऐकावं लागतं. खेळ पोरासोरांचे, मोठ्यांनी घोकायचं, ही त्यामागची समजूत. ती खरी असती तर विरार लोकलमध्ये मांडीवर ब्रीफकेस आडवी ठेवून रमीचे डाव रंगले नसते.

मराठी आकडेच घ्या. ते जवळजवळ सगळे एकेक करून लक्षात ठेवावे लागतात. तमिळभाषकाला आधी चाळीस, मग तीन या क्रमाची सवय. तो ‘त्रेचाळीस’ ऐकतो आणि बिनधास्त ३४ वर काट मारतो. ‘एकोणसाठ’ ऐकून ६९ खोडणारे तर प्रत्येक वर्गात सापडतात. उजळणी म्हणून घेतली तर तिसऱ्या ओळीला जांभया सुरू होतात. हाउजीत मात्र प्रत्येक आकड्याला कान टवकारलेले असतात, कारण ‘जल्दी पाच’ हुकायला नको असते. कुणीतरी ‘फुल हाउस’ ओरडतो, तिकीट तपासताना बोगी निघते आणि एकोणसाठ म्हणजे किती यावर अख्खा वर्ग हमरीतुमरीवर येतो. आकडे पुकारायचं काम आळीपाळीने शिकणाऱ्यांकडेच द्यावं. मग जीभही वळते.

प्रौढांना व्याकरणापेक्षा लाज जास्त नडते. अमेरिकेत अलेक्झांडर गियोरा आणि सहकाऱ्यांनी १९७२मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना थोडी दारू देऊन परभाषेतले उच्चार तपासले होते. अल्प मात्रेत उच्चार सुधारले, मात्रा वाढल्यावर बिघडले. वर्गात बाटली नेता येत नाही. पत्ते नेता येतात.

आक्षेप घेणाऱ्यांचं एक म्हणणं मात्र बिनतोड आहे. ‘मी आंबा खाल्ला’, पण ‘मी पोळी खाल्ली’ असं का, हे कुठलाही खेळ आपोआप उलगडून देत नाही. पोर ऐकून ऐकून शिकेल. चाळिशीतल्या माणसाला कारण हवं असतं, ते दोन मिनिटांत सांगून मोकळं व्हावं. शिवाय खेळाच्या नावाखाली बरंच काही खपवलं जातं. भाषा न वापरता जिंकता येतो, तो खेळ वर्गात कशाला? त्यापेक्षा दोघांना पाठीला पाठ लावून बसवा. एकाकडे दादरचा नकाशा, दुसऱ्याकडे कोरा कागद. हातवारे बंद. ‘प्लाझापासून सरळ जा, मग डावीकडे वळा’ हे तोंडाने सांगितल्याशिवाय समोरच्याचा रस्ता पुढे सरकतच नाही. चूक कुठे झाली ते कागदच दाखवतो; शिक्षकाला मध्ये तोंड घालावं लागत नाही, आणि गप्प बसणंच बऱ्याच शिक्षकांना जड जातं.

आणि हरणाऱ्याला सगळ्यांसमोर गाणं म्हणायला लावायची टूम आधी बंद करा. लाज घालवायला आणलेल्या खेळातूनच ती दामदुपटीने परत येते, आणि पन्नाशीचा बँक मॅनेजर पुढच्या शनिवारी ‘जरा काम निघालं’ म्हणून कळवतो.