शेवटच्या अंकाचा ताळा

किराणा दुकानातला गल्ला. बिस्किटाच्या पुड्यावरच्या काळ्या रेघा चुरगळल्या आहेत, त्यामुळे लाल उजेड कितीही फिरवला तरी यंत्राला त्या वाचता येत नाहीत. गल्ल्यावरची मुलगी वैतागून रेघांखालचा तेरा आकडी क्रमांक हाताने टाकते. रांगेतल्या काकांची घाई, मागे एका पोराचे रडणे. या गडबडीत ३ च्या जागी ८ दाबला जातो. यंत्र कुरकुरते आणि क्रमांक नाकारते. मुलगी तो पुन्हा टाकते. या वेळी बरोबर.

क्रमांक चुकला हे यंत्राला कळले कसे? मालाची यादी न उघडताही, निव्वळ आकड्यांकडे पाहून ते कळू शकते. गुपित दडले आहे शेवटच्या, तेराव्या अंकात. तो अंक मालाविषयी काहीच सांगत नाही. आधीच्या बारा अंकांवर पहारा ठेवणे एवढेच त्याचे काम.

जुन्या पिढीला ही कल्पना अगदीच नवी वाटणार नाही. पूर्वी शाळेत मोठ्या बेरजा-गुणाकारांचा ‘नऊचा ताळा’ पाहत असत. संख्येतले अंक मिळवायचे, आलेल्या बेरजेतले पुन्हा मिळवायचे, एकच अंक उरेपर्यंत. दोन्ही बाजू जुळल्या की उदाहरण बहुधा बरोबर. पण या ताळ्यात एक मोठी फट होती. ८३ च्या जागी ३८ लिहिले तरी अंकांची बेरीज अकराच! म्हणूनच जमाखर्चात फरक आला आणि तो नऊने निःशेष भागला गेला, की मुरलेला मुनीम कुठे अंक उलटे पडले आहेत का ते आधी शोधत असे.

माणसाचा हात चुकतो तो मुख्यतः याच दोन प्रकारे. एक तर एखादा अंक बदलतो, नाही तर शेजारचे दोन अंक जागा बदलतात. चांगल्या ताळ्याने या दोन्ही चुका पकडायला हव्यात.

तीनच्या पाढ्याची करामत

घरातला कोणताही तेरा आकडी क्रमांक असलेला पुडा घ्यावा. डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे विषम जागांवरचे सर्व अंक मिळवावेत. सम जागांवरच्या अंकांची बेरीज करून तिला तीनने गुणावे. दोन्हींची एकूण बेरीज केली की शेवटी शून्य आलेच पाहिजे. समजा, क्रमांक ८९०१२३४५६७८९० असा आहे. विषम जागांची बेरीज २८. सम जागांची ३४, तिची तिप्पट १०२. एकूण १३०. ताळा जुळला. आता गल्ल्यावरच्या मुलीप्रमाणे ३ च्या जागी ८ टाकून पाहा. एकूण होते १४५. शेवटी शून्य नाही, म्हणजे चूक. आणि २३ च्या जागी ३२ टाकले तर होतात १२८. तीही चूक पकडली गेली.

पण तीननेच का गुणायचे? उत्तर पाढ्यांत आहे. पाचच्या पाढ्यात शेवटी फक्त ५ आणि ० येतात. दोनच्या पाढ्यात २, ४, ६, ८, ० एवढेच. तेव्हा या पाढ्यांत निरनिराळे अंक एकाच शेवटावर येऊन मिळतात आणि चूक झाकली जाते. तीनच्या पाढ्यात मात्र ३, ६, ९, २, ५, ८, १, ४, ७, ० असे दहाही अंक एकेकदाच येतात. म्हणून कोणताही एक अंक बदलला की शेवट बदलतोच.

तरीही एक उणीव राहते. शेजारी असलेले १ आणि ६ उलटे पडले, तर बेरजेत बरोबर दहाचा फरक पडतो आणि शेवटचे शून्य जागेवरच राहते. ज्या दोन अंकांत पाचाचा फरक आहे, त्यांची अदलाबदल हा ताळा पकडत नाही. डेबिट कार्डावर आणि मोबाइल संचाच्या पंधरा आकडी ओळख-क्रमांकात जो ताळा वापरतात, तो आयबीएम कंपनीतले हान्स पीटर लून यांनी शोधला. १९५४ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६० मध्ये ते मिळाले. त्यांच्या युक्तीतून निसटते ती फक्त ० आणि ९ यांची अदलाबदल.

आधार आणि पंचकोन

एकही फट न ठेवणारा ताळा १९६९ मध्ये नेदरलँड्सचे गणितज्ञ याकोबस व्हरहूफ यांनी मांडला. नेहमीच्या बेरजेत २ आणि ३ मिळवा की ३ आणि २, उत्तर एकच. अदलाबदल लपते ती याच सवयीमुळे. तेव्हा जिथे क्रमाला महत्त्व आहे अशी ‘बेरीज’ त्यांनी घेतली. पुठ्ठ्याचा एक पंचकोन कापावा. तो फिरवून पाच प्रकारे त्याच जागेत बसतो आणि उलटा करून आणखी पाच प्रकारे. एकूण दहा प्रकार, दहा अंकांसाठी दहा! कोपऱ्यांना नावे देऊन तो आधी फिरवून मग उलटा करावा, नंतर आधी उलटा करून मग तेवढाच फिरवावा. कोपरे वेगवेगळ्या जागी येतात. या गणिताला अंकाच्या जागेनुसार बदलणाऱ्या अदलाबदलीची जोड देऊन व्हरहूफ यांनी दोन्ही प्रकारच्या सर्व चुका पकडल्या.

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातली पहिली आधार क्रमांकांची वाटणी झाली. त्या बारा आकडी क्रमांकाचा शेवटचा अंक याच पद्धतीने काढलेला असतो.

चूक कळली, आता सुधारा

बेल प्रयोगशाळेतले रिचर्ड हॅमिंग एका वेगळ्याच कारणाने वैतागले होते. शनिवार-रविवारी त्यांचे गणित यंत्रावर चाले. चूक आढळली की यंत्र ते काम सोडून पुढच्या कामाला लागे. चूक झाली एवढे यंत्राला कळते, तर कुठे झाली तेही का कळू नये? १९५० मध्ये त्यांनी उत्तर प्रसिद्ध केले. संदेशाच्या चार खुणांना तीन पहारेकरी जोडायचे आणि प्रत्येकाला वेगवेगळ्या खुणांवर नजर ठेवायला लावायची. तिघांच्या ‘ठीक’ किंवा ‘बिघाड’ अशा उत्तरांचे आठ प्रकार होतात. सात खुणांपैकी नेमकी कोणती बिघडली याचे सात आणि सारे आलबेल असल्याचा एक. १९६० मध्ये राजचंद्र बोस आणि द्विजेंद्रकुमार राय-चौधुरी या बंगाली गणितज्ञांनी अनेक चुका एकदम सुधारण्याची पद्धत दिली. त्याच वर्षी रीड आणि सॉलोमन यांनी मांडलेली पद्धत आज क्यूआर कोडमध्ये असते. भाजीवाल्याच्या गाडीवरचा फाटका, मळका चौकोनही चालतो तो तिच्यामुळेच.

मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. ताळा चूक पकडतो, लबाडी नव्हे. शेवटचा अंक कोणालाही काढता येतो, त्यामुळे ताळा जुळला म्हणून क्रमांक खरा ठरत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ज्या दहा आकडी मोबाइल क्रमांकावर आज घरोघरी पैसे पाठवले जातात, त्यात असा पहारेकरीच नाही. एक अंक चुकला तर तो बहुधा दुसऱ्या कुणाचा तरी खरा क्रमांक निघतो आणि यंत्र कुरकुरत नाही. तिथे ताळा आपणच पाहायचा. क्रमांक टाकल्यावर पडद्यावर जे नाव येते, ते सावकाश वाचावे आणि मगच बटण दाबावे.