'करणे', 'करवणे' आणि 'करून घ्यावे लागणे'

इंग्रजी व्याकरणातील दोन प्रकरणे आपल्याकडे नेहमी स्वतंत्रपणे शिकवली जातात. कर्तव्य, सक्ती, शक्यता दर्शविणारी सहायक क्रियापदे हे पहिले. दुसऱ्याकडून काम करवून घेण्याची, म्हणजेच प्रयोजक रचना हे दुसरे. व्यवहारात मात्र ही दोन्ही एकाच वाक्यात भेटतात. 'छायाप्रती साक्षांकित करून घ्याव्यात' ही सूचना नांदेड-लातूरकडील विद्यार्थ्यांच्या चांगल्या परिचयाची आहे. त्यातील 'घ्याव्यात' हे विध्यर्थी रूप कर्तव्य सांगते, तर 'करून घेणे' ही रचना सही दुसऱ्याने करावयाची आहे हे सांगते. इंग्रजीत त्यासाठी 'शुड' आणि 'गेट' यांची जोडी लागते.

येथेच आपला विद्यार्थी अडखळतो. 'मी काल केस कापले' याचे तो 'आय कट माय हेअर' असे भाषांतर करतो आणि त्याने स्वतःच कात्री चालवली, असा ऐकणाऱ्याचा समज होतो. 'आय हॅड माय हेअर कट' ही रचना त्याला सुचत नाही. हा दोष कच्च्या इंग्रजीच्या माथी मारला जातो. माझ्या मते त्याचे मूळ आपण मराठी वाक्याकडे पुरेसे लक्ष देत नाही, यात आहे. 'केस कापले', 'विहीर खोदली', 'घर बांधले' असे आपण सहज म्हणतो; न्हावी, मजूर, गवंडी या वाक्यांत कोठेच नसतात. नांदेडचा सचखंड गुरुद्वारा महाराजा रणजितसिंह यांनी 1832 ते 1837 या काळात 'बांधला' असे आपण लिहितो. नेमके रूप 'बांधविला' हे आहे. राजाच्या बाबतीत इंग्रजीही 'बिल्ट' एवढ्यावर भागवते. केस कापण्याच्या बाबतीत मात्र ती अशी सवलत देत नाही.

मराठीजवळ साधनांची उणीव नाही. 'लातूरच्या मोंढ्यात मुकादम हमालांकडून पोती उचलवतो' आणि 'आजोबांना आता घागरही उचलवत नाही' ही दोन वाक्ये पाहा. पहिल्यातील 'उचलवणे' प्रयोजक आहे, दुसऱ्यातील शक्य क्रियापद आहे. मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (1911) या ग्रंथात या दोन्ही प्रकारांचा विचार आढळतो. दुसऱ्याकडून करविणे आणि स्वतःला करता येणे, हे दोन्ही अर्थ मराठीत एकाच 'व'काराने व्यक्त होतात. भेद कळतो तो 'हमालांकडून' आणि 'आजोबांना' या पदांवरून. जी दोन प्रकरणे आपण इंग्रजीत दूर ठेवतो, ती मराठीत अशी शेजारी नांदतात.

हा भेद केवळ परीक्षेपुरता नाही. 30 सप्टेंबर 1993 रोजी किल्लारी परिसरात भूकंप झाला. त्यानंतर पूर्णतः उद्ध्वस्त झालेली गावे नव्या जागी वसविण्यात आली. तेथे कुटुंबांना घरे 'बांधून मिळाली'. इतर अनेक गावांत लोकांनी शासकीय साहाय्याने आपली घरे दुरुस्त व मजबूत 'करून घेतली'. पहिल्या वाक्यातील कुटुंब केवळ स्वीकारणारे आहे. दुसऱ्यातील कुटुंब स्वतः करविणारे आहे. पुढे 'करून घ्यावी लागली' म्हटले की सक्ती दिसते, 'करून घेता आली' म्हटले की सामर्थ्य दिसते. इंग्रजीत पहिल्यासाठी 'हॅड टू गेट' आणि दुसऱ्यासाठी 'वेअर एबल टू गेट' असे म्हणावे लागेल. या सर्वांऐवजी 'घरे बांधली' एवढेच लिहिले, तर श्रम कोणाचे, निर्णय कोणाचा आणि नाइलाज कोणाचा, हे तिन्ही प्रश्न वाक्यातून पुसले जातात. उद्या अर्ज, अहवाल वा बातमी लिहिणाऱ्याने अशी पुसापुशी अजाणतेपणी करू नये.

इंग्रजी इंग्रजीतूनच शिकावे, मराठीची मध्यस्थी नको, असा एक आक्षेप घेतला जातो. संभाषणाच्या सरावापुरता तो मान्य करता येईल. परंतु मराठी माध्यमातून आलेल्या प्रौढ विद्यार्थ्याच्या मनात मराठी वाक्य आधी उभे राहतेच. ते नाकारण्यापेक्षा नेमके करणे अधिक हिताचे आहे.

म्हणून भाषांतरापूर्वी प्रत्येक वाक्याला दोन प्रश्न विचारावेत. काम प्रत्यक्ष कोणी केले? ते करविणाऱ्यावर सक्ती होती, कर्तव्य होते, की त्याला तसे करणे शक्य होते? एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणवावे लागले. या वाक्यातील 'आणवावे' आणि 'लागले' ही दोन्ही पदे ज्याला स्वतंत्रपणे उलगडून दाखवता येतील, त्याला इंग्रजीतील 'हॅड टू हॅव' पाठ करावे लागणार नाही. ते समजलेले असेल. शिवाय आपल्या मराठीतील 'करवणे' आणि 'करून घेणे' यांचा विसरही त्याला पडणार नाही.