'सभ्य वागा' म्हणजे नेमकं कसं? शिर्डीतला फलक आणि टेक कम्युनिटीतला वाद

डिसेंबर २०२० मधली गोष्ट आठवतेय? शिर्डीच्या साई मंदिरात दर्शनाला सभ्य पोशाखात या, असं सांगणारे फलक लागले. भूमाता ब्रिगेडच्या तृप्ती देसाई यांनी विचारलं की, पुजारी उघड्या अंगाने वावरतात, मग नियम फक्त भक्तांनाच का? फलक काढायला निघालेल्या देसाईंना पोलिसांनी सुप्याजवळच ताब्यात घेतलं. हे फक्त आवाहन आहे, सक्ती नाही, असं संस्थानचं म्हणणं होतं.

पण 'सभ्य' कोण ठरवणार? गेटवरचा सुरक्षारक्षक? आणि त्याचं चुकलं तर दाद कुठे मागायची?

नेमक्या याच प्रश्नावरून सॉफ्टवेअरच्या जगात दहा वर्षांहून जास्त काळ भांडण चालू आहे. तिथे फलकाच्या जागी असतो 'कोड ऑफ कंडक्ट', म्हणजे आचारसंहिता. (आपल्याकडे या शब्दाने फक्त निवडणूकच आठवते, ते सोडा.)

मुळात ही गरज का पडली?

तुमचा अँड्रॉइड फोन लिनक्सवर चालतो. लिनक्स, पायथॉन, रस्ट यांसारखे प्रकल्प जगभरातले हजारो लोक मिळून घडवतात. काही पगारी असतात, काही हौशी. सगळ्यांचा मिळून एक बॉस नाही, एचआर नाही. मग कुणी शिवीगाळ केली किंवा एखाद्या मुलीला मेसेज करून छळलं, तर तक्रार कुणाकडे करायची?

लिनक्सचे जनक लायनस टॉरवल्ड्स स्वतःच ईमेलमधल्या जहाल भाषेसाठी प्रसिद्ध होते. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी आपल्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली आणि काही आठवडे सुट्टी घेतली. त्याच वेळी लिनक्सने नवी आचारसंहिता स्वीकारली. तिचा मसुदा कोरलाइन एडा एमके यांनी २०१४ मध्ये तयार केलेल्या 'कॉन्ट्रिब्युटर कव्हेनंट'वरून घेतला होता.

विरोधही लगेच झाला. कोड बघा, माणूस कसा बोलतो ते कशाला, असं बऱ्याच जणांचं म्हणणं होतं. हा युक्तिवाद मला फारसा पटत नाही. शिव्या ऐकून जो पहिल्याच महिन्यात निघून गेला, त्याचा कोड बघायला मिळणार कुठून?

विरोधकांचा दुसरा मुद्दा मात्र वजनदार आहे: नियम चालवणाऱ्यांवर नियम कोण चालवणार?

नोव्हेंबर २०२१ मध्ये रस्टच्या संपूर्ण मॉडरेशन टीमने एकाच वेळी राजीनामा दिला. कोअर टीम स्वतःशिवाय कुणालाच उत्तरदायी नाही, त्यामुळे आचारसंहिता तिला लागू करता येत नाही, अशी त्यांची तक्रार होती. थोडक्यात, देसाईंचा पुजाऱ्यांबद्दलचा प्रश्न. रस्टने शेवटी कारभाराची रचनाच बदलली आणि २०२३ मध्ये नवी नेतृत्व परिषद आणली.

पायथॉनमध्ये उलटं झालं. ऑगस्ट २०२४ मध्ये टिम पीटर्स या अत्यंत ज्येष्ठ डेव्हलपरला तीन महिन्यांसाठी निलंबित केलं गेलं. कारणांची यादी जाहीर झाली, पण ती मोघम आहे, कुठल्या वाक्यासाठी शिक्षा झाली ते कळत नाही, अशी टीका झाली.

आपल्याकडे काय?

पुण्या-मुंबईत आणि नाशिकमध्येही टेक मीटअप आणि वर्डकॅम्प भरतात. वर्डकॅम्पसारख्या कार्यक्रमांना आचारसंहिता असते. नोंदणी करताना आपण न वाचताच 'मान्य'वर टिक करतो.

ऑफिससाठी आपल्याकडे २०१३ चा पॉश कायदा आहे. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती हवी, अध्यक्ष महिला हवी, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत, एक सदस्य बाहेरचा हवा. चौकशी ९० दिवसांत पूर्ण करायची, अहवाल दोन्ही बाजूंना द्यायचा आणि निर्णय पटला नाही तर अपील करता येतं. तक्रारदाराचं नावही गुप्त ठेवावं लागतं. म्हणजे गुप्तता आणि अपील एकत्र नांदू शकतात.

रविवारच्या मीटअपला सहज आलेल्या विद्यार्थिनीचं काय? ती तिथे कुणाची कर्मचारी नाही. तक्रार घेणारा आयोजकच अनेकदा आरोपीचा मित्र असतो, कधी कधी तर तोच आरोपी. इथे कम्युनिटीची आचारसंहिता हाच तिचा जवळचा आधार. आणि ज्याच्यावर खोटा आरोप झाला, त्यालाही आपली बाजू मांडायला दुसरी जागा नसते.

त्यामुळे पुढच्या वेळी टिक करण्याआधी ते पान दोन मिनिटं उघडून बघा. तक्रार घेणाऱ्यांची नावं आहेत का? त्यात आयोजकांबाहेरचं कुणी आहे का? तक्रार आयोजकाविरुद्धच असेल तर काय करायचं, हे लिहिलंय का? अपिलाची सोय आहे का? नसेल तर आयोजकांना ईमेल करून विचारा.