विकलेल्या वस्तूवर विकणाऱ्याचे कुलूप

चाकणच्या कारखान्यातून निघालेली मोटारसायकल आपल्या नावावर झाली की तिच्यावर कंपनीचा हक्क उरत नाही. पुढे ती एमएच-14 क्रमांकाची गाडी विकायची झाली, तर फॉर्म 29 आणि 30 भरायचे. कंपनीला कोणी विचारायला जात नाही. तीच गाडी जोडणारा भोसरी-चिखलीचा तरुण पगारातून संगणकावरचा गेम विकत घेतो, तेव्हा मात्र त्याला ऐकवले जाते की गेम तुझा नाही, तुला फक्त खेळण्याची मुभा आहे. तो गेम त्याला दुसऱ्याला विकता येत नाही आणि सर्व्हर बंद झाला की पैशांसकट बुडतो.

याचे समर्थन करणारे आधी गेमच्या चोरीकडे बोट दाखवतात. ती तक्रार खरी आहे. पुण्यात युबिसॉफ्ट या गेम कंपनीचा स्टुडिओ 2008 पासून आहे. तिथल्या आपल्याच मुलामुलींचे पगार गेमच्या विक्रीतून निघतात. चोरट्या प्रतींची बाजू मी घेणार नाही. पण गेमवरचे हे डिजिटल कुलूप अडवते कोणाला? 2008 मध्ये ‘स्पोर’ हा गेम घेणाऱ्याला तो तीनच वेळा सक्रिय करता येत होता. ओरड झाल्यावर पाच वेळा. चोरट्या प्रती मात्र प्रकाशनाआधीच नेटवर फिरत होत्या. 2010 च्या मार्चमध्ये युबिसॉफ्टच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि ‘असॅसिन्स क्रीड 2’ रीतसर घेतलेले ग्राहक ताटकळत बसले, कारण एकट्याने खेळायचा तो गेमही सतत इंटरनेट मागत होता. भोसरीतल्या टूलरूमना सॉफ्टवेअरची किल्ली असलेला डोंगल ठाऊक आहे: तो हरवला तर कॅमचे सॉफ्टवेअर उघडत नाही. पण तो निदान मालकाच्या ड्रॉवरमध्ये असतो. इथे किल्लीच कंपनीकडे.

दुसरा युक्तिवाद अधिक ठाम वाटतो: अटी तुम्हीच मान्य केल्यात. पण तयार सॉफ्टवेअर ही विक्रीकरासाठी ‘वस्तू’च आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये टाटा कन्सल्टन्सीच्या खटल्यात ठरवले. 2021 मध्ये परदेशी कंपन्यांना मिळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या किमतीवर रॉयल्टी म्हणून कर लागतो का, हा प्रश्न त्याच न्यायालयाने निकाली काढला. तेव्हा उद्योगाचेच म्हणणे होते की आम्ही कॉपीराइट देत नाही, प्रत विकतो; आणि न्यायालयाने ते मान्य केले. कर टाळायचा तेव्हा विक्री आणि ग्राहकाने हक्क मागितला की नुसती मुभा? हा दुटप्पीपणा आहे आणि तो खपवून घेता कामा नये. शिवाय 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा सबळ कारणाशिवाय एकतर्फी करार संपवू देणाऱ्या अटीला अन्याय्य कराराच्या व्याख्येत बसवतो. ‘मान्य आहे’ हे बटण दाबले म्हणून ती अट न्याय्य होत नाही.

सर्व्हर कायम चालवणे परवडत नाही, हे मला पटते. कोणी ते मागतही नाही. युबिसॉफ्टचा 2014 चा ‘द क्रू’ हा गेम 31 मार्च 2024 रोजी बंद झाला, एकट्याने खेळणाऱ्यांसाठीसुद्धा. जगभर संताप उसळला आणि त्याच सप्टेंबरमध्ये युबिसॉफ्टने ‘द क्रू 2’ला ऑफलाइन चालण्याची सोय देऊ असे जाहीर केले. म्हणजे अशी सोय करता येते.

म्हणून कुलूप असू द्या, पण सर्व्हर बंद करण्याआधी ते काढणारा शेवटचा अपडेट द्या. ते जमणार नसेल, तर गेम कधीपर्यंत चालेल ते विकतानाच किमतीशेजारी छापा. आणि घेतलेली प्रत दुसऱ्याच्या नावावर करू द्या. आपला कॉपीराइट कायदा याच्या आड येत नाही. 2012 मध्ये आलेले कलम 65-अ हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्याला शिक्षा सांगते. कलम 52 तर रीतसर प्रत बाळगणाऱ्याला जपणुकीसाठी बॅकअप काढू देते. सर्व्हरशिवाय न उघडणाऱ्या गेमचा बॅकअप मात्र काय कामाचा?

अन्याय्य कराराविरुद्ध दाद राज्य ग्राहक आयोगाकडे मागता येते. गेमचे बिल, खरेदीच्या वेळच्या अटी आणि सर्व्हर बंद होण्याची सूचना एवढे कागद पिंपरीतल्या ग्राहकाने आजपासूनच जपून ठेवावेत.